एअरब्रशसाठी हवा

धुळ्याच्या नेमीचंदनं मुंबईहून एअरब्रश मागवला, तेव्हा त्याला हवा लागते ही किरकोळ बाब त्याच्या लक्षात आली नव्हती. रंग धुक्यासारखा बसतो, ब्रशची रेघ दिसत नाही, एवढंच जाहिरातीत होतं. हवा कुठून आणायची ते छापायला जागा पुरली नसावी.

नेमीचंद बसायचा ते कापडाचं दुकान सासऱ्यांचं. माणकचंद शेठजी मुंगी दिसली की वाट बदलत, चुलीत घालायचं सरपण आधी झटकून घ्यायला लावत. जीवमात्राला फार जपत. (जावई तेवढा त्यातून वगळलेला.) त्यांनी अट घातली होती, "एकसष्टीला माझी तसबीर काढा. जमली तर दुकानाची माडी तुमच्या रंगांना. नाही जमली तर सगळे रंग बंबात."

नेमीचंदला ती माडी झोपेतसुद्धा दिसायची.

पहिला मान सायकलच्या पंपाला मिळाला. पंप बायकोनं, म्हणजे मंजूनं मारायचा आणि कलावंत नेमीचंदनं व्हायचं, अशी न्याय्य वाटणी झाली.

"अहो, हात गळून आले."

"थांबू नकोस. बाबांचा गाल अर्धा झालाय."

ती थांबलीच. हवा उतरली आणि गालभर ठिपके उडाले.

"माझ्या बाबांना देवी कधी आल्या नव्हत्या," असं म्हणून मंजूनं पंप आपटला तो आपटलाच.

मग नवा कागद घेऊन स्वारी आग्रा रोडवर, ट्रकच्या टायरांत हवा भरणाऱ्या चिंधाकडे गेली. त्याच्याकडे खराखुरा कॉम्प्रेसर होता.

"किती सोडू?" चिंधानं विचारलं.

"अगदी थोडी."

ट्रकच्या मानानं ती थोडीच होती. शेठजींची डावी मिशी कानापर्यंत गेली. भोवती जमलेल्या ड्रायव्हर मंडळींचं मात्र एकमत झालं की तीच मिशी जास्त शोभते.

शेवटी दुकानाचं जुनं गिऱ्हाईक, कापडणे गावचा चुडामण पाटील कामी आला. कपाशीवर फवारायचा त्याचा पंप होता. टाकी रिकामी ठेवायची, दट्ट्या मारून नुसती हवा भरायची आणि नळी एअरब्रशला जोडायची, असा शोध नेमीचंदनं लावला. (लावायला नको होता, पण कोण सांगणार?)

"टाकी धुतलीय ना? आत औषधबिवषध नाही ना?"

"बठ्ठा धुयेल शे, शेठ."

हवा काय सुटली! गाल लोण्यासारखे उतरले. थोडा उग्र वास येत होता, पण मुंबईचा रंग म्हटल्यावर वास येणारच, असं म्हणून नेमीचंदनं त्याचंही कौतुक केलं.

एकसष्टीला तसबीर दिवाणखान्यात लागली, पुढे पेढ्यांचं ताट ठेवलं. शेठजी चष्मा पुसून बघू लागले.

"डोळे अगदी माझेच," ते म्हणाले. त्यांनी एक पेढा जावयाच्या हातावर ठेवला. नेमीचंद मनानं माडीवर जाऊन खिडक्या उघडत होता.

एवढ्यात पेढ्यावरची एक माशी उठून तसबिरीतल्या शेठजींच्या नाकावर बसली आणि टपकन खाली पडली. शेठजींनी तिला तळहातावर घेतलं, फुंकर घातली. तेवढ्यात कपाळावरून दुसरी पडली, मग मिशीवरून तिसरी. पाहुण्यांनी हातातले पेढे हळूच परत ठेवले.

"जवाईसा," शेठजी म्हणाले, "मी जन्मभर चिलटालाही हात लावला नाही. माझ्या माघारी ही तसबीर हेच करत बसणार?"

संध्याकाळी रंग बंबात गेले आणि तसबीर मागच्या ओसरीवर.

दुसऱ्या दिवशी चुडामण पंप न्यायला आला. तसबिरीसमोर तो थबकला. जवळून पाहिलं, लांबून पाहिलं, खाली पडलेल्या माश्याही निरखल्या. धुळ्यात एक तरी रसिक निघाला, म्हणून नेमीचंदला गहिवरून आलं.

"आवडली?" त्यानं विचारलं.

"भलती झकास शे," चुडामण म्हणाला. "मना गोठामा लावाले अशीच एक काढी द्या, शेठ. तोंड कोनं बी चाली."