एक परिच्छेद काढायचा होता

पेनड्राइव्ह लावला की कॉम्प्युटर बारीकसा आवाज करी. आज दुपारी दोन वाजता तो गप्पच राहिला. रमाकांतांनी पेनड्राइव्ह काढला, उलटा करून पाहिला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला. तो थोडा अलीकडेच थांबतोय असं त्यांना वाटलं, पण त्यांनी जोर लावला नाही. गोरखीजवळच्या वाचनालयात तीस वर्षं ग्रंथपाल राहिलेल्या या माणसाला कशालाच जोर लावायची सवय नव्हती.

आणि पाच वाजता शहरातल्या मराठी मंडळाची स्मरणिका छपाईला जाणार होती.

तिच्यात रमाकांतांचा वाचनालयावरचा लेख होता. तो देऊन दहा दिवस झाले होते आणि तेवढ्या दिवसांत संपादक विश्वासरावांना त्यांनी तेरा दुरुस्त्या कळवल्या होत्या. चौदावी मात्र गळ्याशी आली होती. लेखात एक परिच्छेद होता. एक मुलगी कादंबरी न्यायला येई. तिनं पुन्हा यावं म्हणून ग्रंथपाल तिला पहिलाच भाग देई आणि दुसरा 'बाहेर गेलाय' असं सांगून आपल्या खणात लपवी. पुढे त्याच मुलीशी त्याचं लग्न झालं. हे आपल्या हातून लिहिलं गेलंच कसं, या विचाराने रमाकांतांना रात्रभर झोप नव्हती. सगळं मंडळ वाचणार. मंडळाचं एक वेळ सोडा, दुर्गाबाई वाचणार. पंचेचाळीस वर्षांत त्यांनी हे बायकोला सांगितलं नव्हतं.

सकाळी त्यांनी विश्वासरावांना फोन केला होता.

"एक परिच्छेद काढायचा होता."

"कोणता? वाचून दाखवा, खूण करतो."

दुर्गाबाई समोरच देवाची भांडी घासत होत्या. रमाकांत म्हणाले, "राहू द्या, नवी फाइल आणून देतो." आणि लेख तर त्या पेनड्राइव्हशिवाय कुठेच नव्हता. एका पुस्तकाच्या दोन प्रती ठेवल्या की एक हरवते, हा त्यांचा वाचनालयातला अनुभव.

सून शिखा घरूनच ऑफिसचं काम करायची. तिनं कानातला हेडफोन न काढताच डोकावून पाहिलं. "बाबा, रीस्टार्ट मारा ना. नहीं तो दूसरा पोर्ट ट्राय करा." रमाकांतांनी रीस्टार्ट केलं. पडद्यावर निळा रंग आला आणि अपडेट चालू आहे, कृपया बंद करू नये, अशी विनंती आली. विनंती मोडणं त्यांना जमणारं नव्हतं. पन्नास मिनिटं ते हात जोडल्यासारखे बसून राहिले. मग दुसरा पोर्ट, मग तिसरा. सगळे मुके.

शेवटी टोपी बाजारात दौलतसिंहाच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानी जायचं ठरलं. एरवी उशीर झाला की पाठीस लागणाऱ्या दुर्गाबाईंनी नेमका आज चहा टाकला. मग स्कूटरची किल्ली सापडेना. ती सापडली ती दुर्गाबाईंच्याच कमरेला. "आणि येताना जायफळ आणा," त्यांनी फाटकातून सांगितलं.

दौलतसिंहाकडे चार माणसं आधी उभी होती. रमाकांत पाचवे झाले, आणि सहाव्याने घाई आहे म्हणताच सहावे झाले. त्यांचा नंबर लागला तेव्हा साडेचार वाजले होते. दौलतसिंहाने पेनड्राइव्हच्या तोंडात बॅटरी मारली, टाचणी घातली आणि कुंकवाने लाल झालेली तांदळाची एक कणी बाहेर काढली.

"बाबूजी, ये तो पूजा का है."

रमाकांत कानापर्यंत लाल झाले. खंडेनवमीला दुर्गाबाई मिक्सर, स्कूटर, कॉम्प्युटर, सगळ्यांवर अक्षता टाकत. दौलतसिंहाने कणी कपाळाला लावून गल्ल्यात ठेवली आणि पेनड्राइव्ह लावला. लेख उघडला.

तो परिच्छेद समोर आला. रमाकांतांनी तो निवडला. पुसायच्या आधी शेवटचा म्हणून एकदा वाचला. 'लपवी' हा शब्द जरा ओबडधोबड वाटला. पुसायचाच आहे, तरी चुकीचा शब्द कशाला पुसावा? त्यांनी 'सांभाळून ठेवी' केलं. मग 'लपवी'च बरं वाटलं. असं तीनदा झालं तोवर खिशातला फोन वाजला.

"रमाकांतराव, पाच वाजून गेले. मशीन सुरू झालं," विश्वासराव म्हणाले. "आता विसरा."

दर्पण कॉलनीत परतेपर्यंत ते घरी काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होते. जायफळ विसरलंच. घरात येऊन खुर्चीवर टेकले.

"खंडेनवमीची अक्षत अडकली होती त्यात," ते म्हणाले आणि थांबले. खंडेनवमी होऊन तीन आठवडे झाले होते. पेनड्राइव्ह काल रात्रीपर्यंत चालला होता. आणि देवघरातली अक्षतांची वाटी कॉम्प्युटरच्या टेबलावर होती.

दुर्गाबाईंनी वाटी उचलली.

"तू वाचलंस?"

"काल तुम्ही तसंच उघडं टाकून झोपायला गेलात." त्या देवघराकडे वळल्या. "दुसरा भाग तुमच्या खणात असायचा, हे मला तेव्हाच ठाऊक होतं."

"मग मागितला का नाहीस?"

"मागितला असता, तर तुम्ही लगेच दिला असतात."