अकराशे ग्रॅमचा मुळा

इनागाकींनी आयुष्यात एकही वस्तू न तोलता विकत घेतली नव्हती. कानाझावाच्या पाणीपुरवठा खात्यात लोकांचे मीटर वाचण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर मीटर सुटले, मोजणं मात्र सुटलं नाही. साधी छत्री घ्यायची तरी ते ती उघडून, मिटून, बोटावर तोलून बघायचे, आणि मागे रांगेत उभी असलेली माणसं दुसऱ्या दुकानात जायची.

"मोजून घेतलेली वस्तू कधी दगा देत नाही," असं ते रोज सकाळी मिसो सूपचा वाडगा हातात धरून सांगत. त्यांची बायको मिचिए यावर भिंतीतल्या कपाटाकडे बघे. त्या कपाटात एक दुर्बीण, मासे धुरवायचं यंत्र आणि बांबूची बासरी अशा तीन मोजूनमापून घेतलेल्या वस्तू सुखाने झोपल्या होत्या.

अशा माणसाला शेवाळ्याने वेड लावावं, म्हणजे कमालच झाली. टेकडीमागच्या देवळात शेवाळ्याची बाग आहे. भोवती दोरी बांधलेली, आत पाऊल टाकायचं नाही. एकदा पाऊस थांबल्यावर इनागाकी दोरीपाशी बुटाची नाडी बांधायला वाकले आणि तिथेच राहिले. शेवाळ्याच्या केसाएवढ्या देठांवर एकेक थेंब उभा होता, आणि समोरच्या थेंबात अख्खी बाग उलटी टांगलेली होती. मेपलचं झाड, दगडी दिवा, देवळाचं छप्पर, आणि सगळ्यांच्या खाली आभाळ. वारा आला, थेंब हलला, आभाळ हललं. त्यांना वाटलं, आपण इतकी वर्षं पाणी मोजत होतो, पण पाण्यात डोकावून कधी पाहिलंच नाही. नाडी तशीच सुटी ठेवून ते घरी आले.

दुसऱ्या दिवशी ते घरातला जुना कॅमेरा घेऊन नोसे यांच्या कॅमेऱ्याच्या दुकानात हजर झाले. नोसेंनी हिरव्या कापडावर बारीक गोष्टी मोठ्या करून दाखवणाऱ्या दोन मॅक्रो लेन्स मांडल्या. एक मुठीत मावणारी, किमतीनेही बेताची. दुसरी भलीमोठी, अकराशे ग्रॅम वजनाची, किंमत अडीच लाख येन.

"एवढा फरक कशाचा?" इनागाकींनी विचारलं.

"लहानीने थेंब बघायचा, तर नाक थेंबाला टेकवावं लागतं," नोसे म्हणाले. "तुमच्या देवळात दोरी आहे. मोठी असली की दोरीबाहेर बसा आणि निवांत बघा. थेंबाला पत्ताही लागत नाही."

नोसे पक्के दुकानदार. त्यांनी बशीत ओलं शेवाळं आधीच आणून ठेवलेलं होतं. इनागाकींनी मोठ्या लेन्समधून पाहिलं आणि दुकान, रस्ता, ट्रकचे आवाज सगळं विरघळून गेलं. एका थेंबात दुकानाचा दिवा पौर्णिमेच्या चंद्रासारखा तरंगत होता. ते बाहेर आले ते तरंगतच, आणि बसमधून दोन थांबे पुढे जाऊन उतरले.

आता प्रश्न मिचिएचा. दर महिन्याचं पेन्शन तिच्या हातात जाई आणि त्यातून इनागाकींना हातखर्चाला मिळे. अडीच लाख येन घरात होते, पण ते पुढच्या खोलीत जमिनीभर बसवलेल्या गवती चटया बदलण्यासाठी. जुन्या चटया इतक्या झिजल्या होत्या की पाहुणे गेल्यावर त्यांच्या मोज्यांना गवत चिकटलेलं असे.

"अडीच लाखांचं मला काही नाही," मिचिए म्हणाली. "तुमच्या खांद्याचं काय? दुर्बीण आणलीत तेव्हा आठवडाभर खांद्याला पट्ट्या कोण चिकटवत होतं?"

"तेव्हा मी वजनाचा अंदाज नीट घेतला नव्हता."

"मग आता घ्या. तेवढंच वजन खांद्यावर घेऊन रोज देवळात जाऊन या, येत्या रविवारपर्यंत. खांद्याचा ख काढलात तर चटया. नाही काढलात तर लेन्स."

"मान्य," इनागाकी म्हणाले. परीक्षेत मोजमाप असेल तर त्यांना हार माहीत नव्हती.

लगेच त्यांनी स्वयंपाकघरातला जाडजूड मुळा घेतला, तासला आणि काट्यावर ठेवला. लेन्सएवढा कापला तर वजन कमी भरे, म्हणून दोन बोटं जास्त लांब ठेवावा लागला, याची त्यांना फार खंत वाटली. मग काळ्या शाईने त्यावर लेन्ससारख्या गोल रेघा मारल्या, आकडे घातले, पुढे दह्याच्या डब्याचं झाकण बसवलं. काटा बरोबर अकराशेवर थांबला. गुंडाळायला काहीतरी मऊ हवं, म्हणून मिचिएच्या खणातून हाताला लागलेली जांभळी रेशमी फुरोशिकी घेतली. बगळ्यांच्या नक्षीचं ते कापड खास मानाच्या भेटी बांधून न्यायचं होतं. पण कापड किती मऊ आहे ते मोजणारा माणूस, ते कशाचं आहे हे कशाला बघेल?

झाली तपश्चर्या सुरू. इनागाकी दोरीबाहेर बसत, मुळा डोळ्याला लावत आणि थेंबाकडे बघत. मुळ्यातून काही दिसत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. पण डोळा मिटला की उलटी बाग आपोआप दिसे, आणि त्या बागेत ते पाय खाली आभाळात सोडून बसत. संध्याकाळपर्यंत मुळा सुकून हलका होई, म्हणून दुसऱ्या दिवशी नवा. जुना मिचिए शिजवी. रोज रात्री इनागाकी त्या दिवशीची लेन्स खात होते.

खांदा मात्र दुसऱ्याच दिवशी बोलायला लागला. घरात हूं की चूं करायची सोय नाही, तोंड दाबून बुक्क्यांचा मार. शेवटी त्यांनी एक युक्ती काढली. परत येताना गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गाठोडं खांद्यावरच्या पिशवीत, तिथून मिचिएला दिसेल तिथपर्यंत दोन्ही हातांनी छातीशी धरायचं, आणि मग पुन्हा खांद्यावर.

इथेच घात झाला. शेजारच्या मुरोताकाकू गुडघ्याची शस्त्रक्रिया करून नुकत्याच घरी आल्या होत्या. गल्लीतलं एकेक घर येऊन त्यांची विचारपूस करून गेलं होतं, फक्त इनागाकींचं राहिलं होतं. त्या दिवशी रिमझिम होती, काकू काठी टेकत फाटकाशी उभ्या, आणि समोरून इनागाकी जांभळ्या फुरोशिकीतलं गाठोडं दोन्ही हातांत धरून हळूहळू येत होते.

"अगंबाई, इनागाकी, कशाला हो एवढं?" काकू म्हणाल्या.

"नाही, नाही, काकू. हे काही नाही."

"असं कसं काही नाही."

"खरंच काही नाही. साधा मुळा आहे."

"तुम्हा नवराबायकोचं नेहमीचंच. मागे मिचिए एवढे खेकडे घेऊन आली, तेव्हाही म्हणाली, तोंडाला लावण्यासारखे नाहीत."

त्या गल्लीत भेट आणणारा प्रत्येक जण 'काही नाही हो' असंच म्हणतो. त्यामुळे ज्याच्याकडे खरंच काही नसतं, त्याला सांगायला शब्दच उरत नाहीत. काकू कमरेत वाकल्या. समोरचा वाकला की आपण वाकायचं, हे इनागाकींच्या पाठीला जन्मापासून ठाऊक. पाठ वाकली, हात पुढे झाले, आणि हात वर आले तेव्हा रिकामे होते. आणलेली भेट देणाऱ्यासमोर उघडायची नाही, हीही रीतच. काकू गाठोडं घेऊन आत गेल्या.

"आजचा मुळा?" रात्री मिचिएने विचारलं.

"हरवला."

"मुळा हरवला?" मिचिएने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि टोफू कापायला घेतला.

दोन दिवसांनी काकू दारात आल्या. हातात घडी केलेली फुरोशिकी आणि वर भारीपैकी मिठाईचा डबा. इनागाकी कागदी दाराआड श्वास रोखून बसले.

"मिचिए, तुझा नवरा म्हणजे देवमाणूस गं," काकू म्हणत होत्या. "स्वतः कोरलेला मुळा! आधी मला कळेचना. मग रेघा पाहिल्या, आकडे पाहिले, आणि डोक्यात प्रकाश पडला. गुडघ्यावर लाटायचा असतो ना? या रेघेपासून त्या रेघेपर्यंत? काय गार वाटतं सांगू. काल मी पायरी उतरले. आता बिचारा सुकलाय, पण सोडवत नाही."

काकू गेल्यावर मिचिए आत आली. तिचे डोळे जरा ओले होते.

"तुमच्या परीक्षेतला मुळा काकूंना दिलात?"

खरं सांगायची ती शेवटची संधी होती. इनागाकींनी ती मिठाईच्या डब्याकडे बघत घालवली.

"म्हातारं माणूस," ते म्हणाले. "वाटलं, द्यावा."

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्हाला स्वतःहून काही सुचलं," मिचिए म्हणाली आणि मिठाईतला मोठा तुकडा त्यांना दिला. खोटेपणाची चव इतकी गोड असते हे त्यांना माहीतच नव्हतं.

रविवार उजाडला. नोसेंनी विश्वासाने सांगितलं होतं, "आज खरी लेन्स घेऊन जा, देवळात लावून बघा, संध्याकाळी परत आणा. विकत घेणार असलात की हिशेब करू." जित्याची खोड, इनागाकींनी पुन्हा तीच फुरोशिकी नेली होती. कॅमेरा घरी होता, म्हणून दुकानातून आधी घरी निघाले. खांदा पार गेलेला. कोपरा वळताच त्यांनी गाठोडं दोन्ही हातांत घेतलं. आता तासाभराने ते त्या थेंबात असणार होते. छप्पर, दिवा, मेपल, आणि खाली ते आभाळ. ते बघत बघतच ते चालत होते, म्हणून फाटकाशी उभ्या काकू त्यांना दिसल्याच नाहीत.

"आलात? मी वाटच बघत होते," काकू म्हणाल्या. "पहिला अगदीच मऊ पडला हो. मागायचं कसं, म्हणून गप्प होते."

"काकू, नाही, हा तो नाही..."

"काही नाही म्हणा, मला माहीत आहे," असं म्हणत काकू वाकल्या.

इनागाकींनी पाठीला थांबवायचा खूप प्रयत्न केला. पाठीने ऐकलं नाही. दार सरकून बंद झालं, आणि नोसेंची अडीच लाखांची लेन्स मुरोताकाकूंच्या गुडघ्याकडे निघाली.

घरी येऊन त्यांनी मिचिएसमोर बसकण मारली आणि सगळं सांगितलं. दिलेली भेट परत मागायची कशी? त्यापेक्षा गल्ली सोडून जाणं सोपं. मिचिएने सुरी घेतली, मुळा तासला, रेघा मारल्या आणि म्हणाली, "छत्री घ्या. चला."

काकू खिडकीपाशी पाय पसरून बसल्या होत्या. लेन्स गुडघ्यावर सावकाश मागेपुढे फिरत होती.

"काकू, यांनी गडबडीत शिळा दिला," मिचिए म्हणाली. "ताजा हा. तो द्या इकडे."

"शिळा? छान गार आहे की हा. टणकही आहे. फक्त आधीच्यापेक्षा जरा जड वाटतो."

"अजिबात नाही," इनागाकी ताडकन म्हणाले. "एक ग्रॅमही जास्त नाही."

मिचिएने त्यांच्या पायावर पाय दिला. काकूंनी दोन्ही मुळे निरखले, ताजा ठेवून घेतला, आणि दुसरा पुसून परत दिला.

लेन्सला ओरखडाही नव्हता. घरी आल्यावर इनागाकींनी ती कॅमेऱ्याला लावली आणि मिचिएकडे आशेने पाहिलं. "रविवार झाला," ते म्हणाले. "खांद्याचा ख मी काढलेला नाही."

"तोंडाने नाही काढलात," मिचिए म्हणाली. "पण खांद्यावर असती, तर ती काकूंच्या हातात गेली कशी? दोन्ही वेळा दोन्ही हातांत धरली होतीत. नापास."

मोजमाप अचूक होतं. इनागाकींना रडूच येणार होतं. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "परत देण्याआधी एकदा बघू? इथेच, अंगणात?"

पाऊस नुकताच थांबला होता. अंगणातल्या दगडी कुंडाच्या काठावर शेवाळं होतं. इनागाकींनी बराच वेळ पाहिलं, मग कॅमेरा मिचिएला दिला. तीही वाकली. एका थेंबात कुंपण, दोन्ही घरांची छपरं, आणि पलीकडच्या खिडकीत मुळा लाटणाऱ्या काकू, सगळं उलटं लुकलुकत होतं. मिचिए हललीच नाही. अंधारून आलं तरी नाही. इनागाकींना वाटलं, आता तिला उलगडलं, आपण बसचे थांबे का चुकत होतो ते.

"परीक्षा तुम्ही नापास झालात," ती डोळा न काढता म्हणाली. "मी कुठे दिली होती?"

चटया अजून जुन्याच आहेत. लेन्स घरात आली, पण ती असते मिचिएच्या खांद्यावर. देवळात दोरीपाशी ती तासन् तास बसते आणि इनागाकी तिच्यावर छत्री धरून उभे राहतात. कानाझावात म्हणच आहे, डबा विसर पण छत्री विसरू नकोस. मधूनच ते विचारतात, "माझी पाळी कधी?" ती म्हणते, "हा थेंब पडला की." थेंब काही लवकर पडत नाही.

मुरोताकाकूंचा मुळा मात्र दर आठवड्याला जातो. तो घडवायचं काम इनागाकींकडेच आहे. काकूंचं वजनाबद्दल काहीच म्हणणं नाही, तरी ते प्रत्येक मुळा काट्यावर ठेवतात, आणि द्यायला निघण्याआधी, कुणी बघत नाही असं पाहून, एकदा डोळ्याला लावतात.