दहावं उल्लंघन

मिसिसागाच्या ‘ब्लू हेरन फूड सर्व्हिस’ या कंपनीच्या ताफ्यात त्रेचाळीस ट्रक होते, आणि २०१० सालच्या ऑक्टोबरपासून त्यांपैकी एकालाही हरवण्याची मुभा राहिली नव्हती. प्रत्येक ट्रकच्या डॅशबोर्डखाली जेवणाच्या डब्याएवढी एक काळी पेटी बसवण्यात आली होती. ट्रक कुठे आहे, किती वेगाने चालला आहे, ब्रेक किती जोरात दाबला, दार उघडं आहे का, चालक फोनवर आहे का, इंजिन उगाच चालू आहे का, हे सगळं ती पेटी दर अर्ध्या मिनिटाला ऑफिसला कळवत असे. ट्रकमध्ये बसलेलं माणूस कसं आहे, हे मात्र ती कळवत नसे. तशी मागणी कोणी नोंदवली नव्हती.

या व्यवस्थेचा प्रमुख होता रविकांत मोहरील. नागपूरचा मेकॅनिकल इंजिनिअर, कॅनडात येऊन पाच वर्षं झालेली. त्यांतली तीन गोदामात खोकी उचलण्यात गेली होती, त्यामुळे ‘फ्लीट सेफ्टी अँड कंप्लायन्स ऑफिसर’ हे पद मिळालं तेव्हा त्याने ते फार मनावर घेतलं. चौसष्ट पानांची नियमावली त्याने स्वतः लिहिली. पत्नी चित्राने तिचं प्रूफ तपासलं आणि म्हणाली, “सगळं आहे रे यात. फक्त एखाद्याला सर्दी झाली तर काय करायचं, ते राहिलंय.” रविकांतने हसून दुसऱ्या आवृत्तीसाठी टीप करून ठेवली.

नियम सरळ होते. उभ्या ट्रकचं इंजिन तीन मिनिटांपेक्षा जास्त चालू ठेवलं तर एक उल्लंघन, आणि मग दर तीन मिनिटांना आणखी एक. इंजिन चालू असताना फोनवर बोललं तर उल्लंघन. इंजिन चालू ठेवून दार उघडलं तर उल्लंघन. अपघात झाला, तर त्याची नोंद पेटी धक्क्यावरून आपोआप करी आणि अपघात क्रमांक देई. पूर्वी हा क्रमांक माणसं देत. त्यात मानवी चुका होतात असं आढळल्यामुळे जानेवारीत माणसांकडून तो अधिकार काढून घेण्यात आला.

या नियमांचं शंभर टक्के पालन करणारी ताफ्यातली एकच चालक होती: रिटा डाबरे. मूळच्या वसईच्या, वय चोपन्न, अकरा वर्षं ट्रक चालवत होत्या. त्यांचे वडील मिठागरात कामाला होते, म्हणून त्या पेटीला ‘मुकादम’ म्हणत. पण मुकादमाने कधी बोट दाखवावं असं त्यांनी काही केलं नव्हतं. एप्रिलमध्ये त्यांना कंपनीचा सोन्याच्या पाण्याचा सेफ्टी बिल्ला मिळणार होता आणि तो रविवारी चर्चला लावून जायचा, हेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, दुपारी सव्वा वाजता, रविकांतचा फोन वाजला.

“रविकांत, मी रिटा. शेलबर्नच्या अलीकडे काउंटी रोडवर आहे. बर्फाचं वादळ आहे, पुढचं काहीच दिसत नाही, नुसतं पांढरं. गाडी रस्त्याकडेच्या डिचमध्ये, चरात गेलीय.”

रविकांतने स्क्रीनकडे पाहिलं. शेलबर्नच्या अलीकडे एक हिरवा ठिपका शांतपणे उभा होता. खाली लिहिलं होतं: थांबलेला, सुरक्षित.

“रिटाताई, सिस्टीममध्ये तुम्ही सुरक्षित दिसताय.”

“मी तिरकी बसलेय रे! माझ्या बाजूची खिडकी बर्फात आहे.”

“पण इम्पॅक्ट दाखवत नाहीये.”

“कसा दाखवेल? हळूहळू घसरत गेली. मी ब्रेकसुद्धा मारला नाही.”

“तोच प्रॉब्लेम झालाय,” रविकांत कळवळून म्हणाला. “तुम्ही फार नीट चालवलंत.”

गाडी ओढून काढणारा टो ट्रक मागवायला अपघात क्रमांक लागत होता. अपघात क्रमांक पेटी देत होती. आणि पेटीच्या मते रिटाताई एका रमणीय ठिकाणी विश्रांती घेत होत्या.

“९११ ला फोन केलात का?” त्याने विचारलं.

“पहिला त्यांनाच केला. त्या बाई म्हणाल्या, रस्ते बंद केलेत, शंभरेक गाड्या अडकल्यात. मग विचारलं, तुमच्या ट्रकला ट्रॅकिंग आहे का? मी म्हटलं, आहे. तर म्हणाल्या, ओ गुड, म्हणजे तुमच्या लोकांना तुमचं ठाऊक आहे. ज्यांचं कोणाला ठाऊक नाही, त्यांना आधी बघतो.”

“हीटर चालू आहे ना?”

“तुझ्याशी बोलायचं म्हणून इंजिन बंद केलंय. नियमच आहे ना तुझा. आणि एरवी दोन मिनिटं पन्नास सेकंद चालू ठेवते नि बंद करते. पण बाहेर उणे बावीस आहे, रविकांत. तेवढ्यात काही ऊब साठत नाही.”

रविकांत उठला आणि ऑपरेशन्सच्या संचालक सॅन्ड्राच्या केबिनमध्ये गेला. सॅन्ड्रा वाईट बाई नव्हती. ऑफिसात कोणाचा वाढदिवस असला की केक तीच आणायची. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“आय फील फॉर हर,” ती म्हणाली. “पण झालंय काय नेमकं?”

“ट्रक डिचमध्ये गेलाय.”

“सिस्टीमच्या मते?”

“सिस्टीमच्या मते काही झालेलं नाही.”

“मग जे झालेलं नाही, त्यासाठी टो पाठवला तर रिपोर्टमध्ये काय लिहायचं? आणि रवी, या तिमाहीत आपले झिरो इन्सिडेंट्स आहेत. जे मशीनला दिसलं नाही, ते आपण हाताने कशाला लिहायचं?”

“मग मी स्वतः जातो. कंपनीची एसयूव्ही द्या. तिला विंटर टायर्स आहेत.”

“अगदी जा. कारणाचा कोड कोणता टाकशील?”

कार्यस्थळी भेट देण्याची मान्य कारणं तीन होती. अपघात, वार्षिक तपासणी आणि शिस्तभंग. अपघात झालेला नव्हता. वार्षिक तपासणी जूनमध्ये असे. रविकांत जागेवर येऊन बसला आणि आपणच लिहिलेली नियमावली, कोणी दुसऱ्याने लिहिली असल्यासारखी, पहिल्या पानापासून वाचू लागला. सत्तेचाळिसाव्या पानावर तो थबकला. एका दिवसात दहा उल्लंघनं करणाऱ्या चालकाची सक्षम अधिकाऱ्याने ट्रक असेल त्या ठिकाणी, दोन तासांच्या आत, प्रत्यक्ष भेट घेऊन लेखी समज द्यावी. हे कलम कोणावर कधी वापरावं लागेल असं लिहिताना त्याला वाटलं नव्हतं. पान भरायचं म्हणून लिहिलं होतं.

त्याने घाईघाईने फोन लावला.

“रिटाताई, इंजिन चालू करा. बंद करू नका.”

“पण फोनवर बोलतेय मी.”

“बोलत राहा. त्याचं एक धरतील. तीन मिनिटांनी आयडलिंगचं, उगाच इंजिन चालू ठेवल्याचं, दुसरं. दहा झाली की मला तुमच्याकडे यावंच लागेल.”





“अकरा वर्षं झाली, रविकांत,” त्या म्हणाल्या. “एक डाग नाही माझ्यावर. तू मला लेटर देणार?”

“हो.”

“चोरासारखं?”

“ताई, लेटर द्यायलाच मला येता येतंय. वाचवायला येता येत नाहीये.”

मग इंजिनचा आवाज आला. पहिलं उल्लंघन एक वाजून चाळीस मिनिटांनी नोंदलं गेलं. तीन मिनिटांनी दुसरं. पाचव्यानंतर रिटाताई म्हणाल्या की धुराचा वास येतोय, मागचा पाइप बर्फाने बुजला असणार. तो धूर आत कोंडला तर जीव जाईल, हे रविकांतला ठाऊक होतं. त्याने त्यांना लगेच उतरून पाइप मोकळा करायला सांगितला. त्या पलीकडच्या दाराने चढून बाहेर पडल्या, फावडं मागच्या बंद भागात होतं म्हणून हातांनीच बर्फ उकरलं, आणि परत आल्या. दार इंजिन चालू असताना उघडल्याचं सहावं उल्लंघन झालं. दहावं होऊन गेल्यावरही त्या तसं आणखी दोनदा उतरल्या. ग्लोव्हज भिजून कडक झाले होते.

दोन वाजून चार मिनिटांनी हिरवा ठिपका लाल झाला आणि सगळ्या ऑफिसभर भोंगा वाजला. तो वाजतो हे त्या दिवशी प्रथमच कळलं. सॅन्ड्रा केबिनमधून जवळजवळ धावत आली.

“दहा उल्लंघनं? पंचवीस मिनिटांत? कोण आहे ही बाई?”

“तीच. मघाचीच.”

“धिस इज सीरियस, रवी! तू अजून इथे काय करतोयस?”

जे पाऊण तास जमत नव्हतं ते सहा मिनिटांत जमलं. एसयूव्हीची किल्ली आली. समज-पत्राच्या तीन प्रती छापून आल्या. रिसेप्शनवरच्या मुलीने थर्मासमध्ये कॉफी भरून दिली, ती साहेबांसाठी, कारण शिस्तभंगाचं काम त्रासाचं असतं. रविकांतने जाताना दोन ब्लँकेट आणि फावडं उचललं. त्यांना कोड नव्हता, म्हणून ते त्याने कोटाखाली धरून नेले. फावड्याचा दांडा बाहेर दिसत होता. पण सगळ्यांचं लक्ष स्क्रीनकडे होतं.

ऑरेंजविलच्या पुढे रस्ता बंद होता. अडथळ्यापाशी बर्फ काढणारं एक मोठं यंत्र उभं होतं आणि त्याचा चालक शॉन सँडविच खात होता. रविकांतने त्याला सगळं सांगितलं. शॉनने एकच प्रश्न विचारला.

“ती किती वेळ बसलीय तिथे?”

“सव्वा वाजल्यापासून.”

शॉनने अर्धं सँडविच खिशात टाकलं. “गेट इन.”

कोड, क्रमांक, कलम, काहीच न विचारता एखादा माणूस कामाला लागू शकतो, हे बघून रविकांतला आश्चर्य वाटलं, आणि मग थोडी लाज वाटली. एरवी वीस मिनिटांच्या त्या रस्त्याला त्यांना दोन तास लागले. ट्रक सापडला तेव्हा उजेड मावळत आला होता. त्याचं डावं अंग बर्फात रुतलं होतं आणि इंजिन धुगधुगत होतं. रिटाताई वृद्धाश्रमाला पोहोचवायच्या टेबलक्लॉथांचा गठ्ठा अंगाभोवती गुंडाळून बसल्या होत्या. ओठ निळे पडले होते. रविकांतने ब्लँकेट टाकलं, कॉफी पुढे केली, पण त्यांना कप धरता येईना. शॉनने तो त्यांच्या तोंडाशी धरला.

“लेटर आणलंस?” थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

“राहू दे, ताई.”

“राहू दे कसं? मग तू कशासाठी आलास म्हणून लिहिशील? आण इकडे. पोटापाण्याची नोकरी आहे तुझी.”

त्यांनी तिन्ही प्रतींवर डाव्या हाताने सह्या केल्या. साक्षीदार म्हणून शॉनने सही केली. कसल्या कागदावर करतोय हे त्याने वाचलं, रविकांतकडे एकदा बघितलं, आणि यंत्र हॉस्पिटलकडे वळवलं.

प्रकरणाची नोंद पुढीलप्रमाणे झाली: ‘अनावश्यक इंजिन चालू ठेवण्याबाबत चालकाशी प्रत्यक्ष चर्चा. चालकाकडून सहकार्य. वर्तनात तत्काळ सुधारणा.’ दोन तासांऐवजी साडेतीन तासांनी पोहोचल्याबद्दल रविकांतलाही एक सौम्य समज मिळाली. तिमाहीच्या अहवालात अपघात शून्य होते, आणि वाहतूकदारांच्या संघटनेने पाठवलेलं सुरक्षेचं प्रशस्तिपत्र लॉबीत, रोपट्याच्या वर, टांगण्यात आलं. दहा उल्लंघनांचा तो आलेखावरचा उंच सुळका मात्र सॅन्ड्राला खुपत होता. असं पुन्हा घडू नये म्हणून वसंतात सर्व ट्रकांना नवी सुविधा बसवली गेली. आता उभ्या ट्रकचं इंजिन तीन मिनिटांनी आपोआप बंद पडतं. उल्लंघन करणं कोणालाच शक्य राहिलेलं नाही. नियमावलीची दुसरी आवृत्ती रविकांतनेच लिहिली. राजीनामा लिहायलाही तो एकदा बसला होता, पण घराच्या कर्जाला अजून बावीस वर्षं होती.

मे महिन्यात मराठी मंडळाचं पॉटलक, म्हणजे घरोघरचे पदार्थ आणून केलेलं जेवण, शंतनु आणि रुचा यांच्या बेसमेंटमध्ये झालं. तिथे रविकांतने ही हकीकत सांगितली. ती ऐकताना लोक पोट धरून हसले. शंतनु म्हणाला, “टिपिकल कॉर्पोरेट! माणुसकी नावाची गोष्टच नाही.” रुचा म्हणाली, आपण त्याच दिवशी राजीनामा तोंडावर फेकला असता. दोन मिनिटं सगळे गंभीर झाले. मग पुरणपोळीवर तूप वाढता वाढता शंतनु हळूच म्हणाला, “ती पेटी साध्या गाडीत बसते का रे? आमच्या ऊर्मीला यंदा लायसन्स मिळतंय. म्हणजे विश्वास आहे तिच्यावर, पण कळलेलं बरं.” ऊर्मी जिन्यावरून “डॅड, सीरियसली?” म्हणाली, पण तिकडे कोणी पाहिलं नाही, कारण तोवर रुचाला पुण्यातल्या वडिलांच्या ड्रायव्हरची आठवण झाली होती आणि शेजारच्या संजयला आपल्या सफाईच्या दोन व्हॅनची. कोणी विचारलं, बायकोला न कळता बसवता येते का, आणि पुन्हा हशा झाला. रविकांतने सगळ्यांना नीट माहिती दिली. निघताना त्याच्या खिशातली सातही व्हिजिटिंग कार्डं संपली होती.

रिटाताईंचं काय झालं, हे त्या संध्याकाळी एकानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, की उजव्या हाताची दोन बोटं कापावी लागली, लायसन्सच्या मेडिकलमध्ये त्या नापास झाल्या, आणि आता ब्रॅम्प्टनच्या एका दुकानात दाराशी उभ्या राहून येणाऱ्याजाणाऱ्याला ‘वेलकम’ म्हणतात.

तुम्हीही विचारलं नव्हतंत. तुमचा डोळा त्या पेटीवर होता.