रविवारचं धुणं

हवामानातलं फिनले मॅकिव्हरला सगळं कळत असे. फक्त ही गोष्ट हवामानाच्या कानावर कुणी घातलेली नव्हती. शनिवारी सकाळी तो मागच्या दारात उभा राहिला, उजवा गुडघा दाबून पाहिला, मेंढ्या टेकडीच्या कुठल्या अंगाला चरताहेत ते पाहिलं, धुराड्यातून निघणाऱ्या धुराचा वास घेतला आणि बायकोला म्हणाला, "धू सगळं. घोंगड्यासुद्धा धू. रात्रीपर्यंत थेंब पडायचा नाही."

"मंगळवारीसुद्धा हेच म्हणाला होतास," डोलिना म्हणाली.

"मंगळवारी गुडघा सुजला होता. सुजल्यावर तो नीट सांगत नाही."

स्कॉटलंडच्या लुईस बेटावर चहाला आधण ठेवताना ऊन असतं, चहा ओतताना गारा पडत असतात आणि कप विसळेपर्यंत वारा कोंबड्या उडवत असतो. तरीही डोलिनाने धुणं काढलं. उद्याचा रविवार साधा नव्हता. फिनले चर्चचा पंच होणार की नाही हे उद्या ठरणार होतं. बारा वर्षं तो या दिवसाची वाट बघत होता. दोनदा त्याचं नाव मागे पडलं होतं, आणि तिसऱ्यांदा मागे पडलेलं नाव पुन्हा कुणी काढत नाही. पंचाच्या घरात पडदे मळके चालत नाहीत. म्हणून पडदे, चादरी, घोंगड्या, फिनलेचे सगळे कपडे आणि त्याची लाल लोकरी लांब चड्डी, असं सगळं दोरीवर गेलं.

दुपारपर्यंत दोन सरी येऊन गेल्या. त्यांना फिनलेने पावसात धरलं नाही. चारच्या सुमाराला समुद्रावरून धुकं चढलं, ते असं की दारात उभं राहून पायातले बूट दिसेनात.

"दहा मिनिटांत विरेल," फिनले म्हणाला.

"विरलं नाही तर? उद्या शब्बाथ आहे. जा आणि कपडे काढून आण. माझे हात बटाट्यात आहेत."

रविवारचे बटाटे शनिवारीच सोलायचे, रविवारचं पाणी शनिवारीच भरायचं, कारण शब्बाथ म्हणजे देवाचा विश्रांतीचा दिवस आणि त्या दिवशी कुठलंही काम पाप, अशी गावाची शिस्त. फिनले टोपली घेऊन धुक्यात शिरला, चाचपडत दोरीशी गेला, हाताला लागेल ते टोपलीत भरलं आणि परत आला.

"एवढ्यात झालं?" डोलिनाने न बघताच विचारलं.

"झालं की. आणि टोपली बघ किती हलकी! वाळले म्हणून हलके. धुक्यात वाळवले मी."

रविवारी सकाळी डोलिनाने खिडकीला तात्पुरते लावलेले जुने पडदे सारले आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. धुतलेले समोर दोरीवर होते. चादरी होत्या. घोंगड्या होत्या. वर आकाश असं निळं, की तीन महिन्यांत कुणी तसं पाहिलं नव्हतं.

"फिनले, काल तू कुणाचे कपडे काढलेस?"

रात्रभर कोपऱ्यात तशीच राहिलेल्या टोपलीत एक चादर आणि चार पांढरे शर्ट निघाले. प्रत्येक कॉलरच्या आत लाल दोऱ्याने नाव भरलं होतं: नॉर्मन. पडक्या कुंपणापलीकडे राहणारा नॉर्मन, विधुर, गावच्या पंचांचा मुख्य. रविवारी पायपुसणं झटकलं म्हणून त्याने एका बाईला वर्षभर नमस्कार केला नव्हता.

"मी जाऊन पटकन ओढून आणतो," फिनले म्हणाला.

"ओढून आणणं म्हणजे काम. शब्बाथला काम करून पंच व्हायचंय?"

"मग राहू दे?"

"राहू दे म्हणजे सगळं गाव बघणार."

दोरीवर असणं हे पाप आणि काढणं हेही पाप. उरलं एकच. फिनलेने धुक्यासाठी प्रार्थना केली. तीनशे चौसष्ट दिवस न मागता मिळणारं धुकं त्या दिवशी गुडघे टेकूनही मिळालं नाही. उलट छान वारा सुटला आणि लाल चड्डी दोन्ही पायांनी भरून नाचू लागली. चर्चची वाट घरावरूनच जात होती. लोक भक्तिभावाने जमिनीकडे बघत जात होते आणि कोपऱ्यावर पोहोचेपर्यंत पडदे किती, घोंगड्या किती हे सगळ्यांना तोंडपाठ झालेलं होतं.

चर्चमध्ये नॉर्मन गळ्यापर्यंत बटणं लावलेला मेणकापडी कोट घालून आला. बाहेर ऊन रणरणत होतं. स्तोत्राची ओळ आधी त्याने म्हणायची आणि मागून सगळ्यांनी, असा रिवाज. प्रत्येक ओळीला त्याच्या हनुवटीवरून घामाची धार लागत होती. कोट मात्र त्याने काढला नाही. का, हे फक्त फिनले आणि डोलिनालाच माहीत होतं.

उपासना संपल्यावर तिघे पंच भिंतीशी उभे राहिले आणि फिनलेला बोलावणं आलं. बारा वर्षं एका चड्डीपायी वाया जाणार होती.

"तुझ्या दोरीवर आज काय होतं, फिनले?" नॉर्मनने विचारलं.

"मी काल कपडे काढले होते हो! शपथेवर... म्हणजे शपथ घेत नाही, पण काढले होते. ते माझे नव्हते, एवढंच."

"तुझे नव्हते म्हणजे?"

"चार पांढरे शर्ट आणि एक चादर," डोलिना मागून म्हणाली. "धुक्यात तुमच्या दोरीशी गेला हा. शर्ट आमच्या घरी सुखरूप आहेत."

नॉर्मनच्या जिवात जीव आला. "तरीच! काल बहिणीकडून यायला दहा वाजले, तसाच झोपलो. सकाळी दोरीशी जाऊन बघतो तर—" आणि तो थांबला.

"आज सकाळी?" डोलिनाने अगदी गरिबासारखं विचारलं. "शब्बाथला दोरीशी कशाला गेला होतात?"

बाकीचे दोघे पंच आकाशाकडे बघू लागले. आकाशात नेमकं बघण्यासारखं काहीच नव्हतं.

"ऊन फार होतं," नॉर्मन म्हणाला. "डोळ्यांवर आलं. मला कुणाच्या दोरीवर काही दिसलेलं नाही."

"माझ्याही डोळ्यांवर ऊनच होतं," दुसरा पंच म्हणाला.

"मला तर सहा वर्षांत धड काही दिसलेलं नाही," तिसरा म्हणाला.

झालं. संध्याकाळच्या उपासनेत फिनलेचं नाव जाहीर करायचं ठरलं. निघताना नॉर्मनने त्याला बाजूला घेतलं. "शर्ट तेवढे..."

"आत्ता आणतो टोपली."

"टोपली? शब्बाथला? भर रस्त्यावरून?"

"मग सोमवारी?"

"सोमवारी," नॉर्मन म्हणाला आणि त्याने हनुवटी पुसली.

आता धुक्याची गरज संपली होती, म्हणून हवामानाने कामाला हात घातला. निम्म्या वाटेत गारा, मग आडवा पाऊस, मग वाऱ्याचा असा धक्का की होणारा पंच चिखलात आडवा झाला. रविवारचा एकुलता एक शर्ट गेला. बाकीचे कपडे घरासमोर दोरीवर पुन्हा धुऊन निघत होते. फिनले खिडकीत उभा राहून ते नुसतं बघत होता.

"सहाला सगळ्यांसमोर उभं राहायचंय," तो रडवेला होऊन म्हणाला. "बनियनवर राहू?"

डोलिनाने टोपलीकडे पाहिलं. "घालणं म्हणजे काम नाही ना?"

"नाही," फिनले विचार करून म्हणाला. घरात कोरडं असं तेवढंच होतं.

सहा वाजता नवा पंच पांढऱ्याशुभ्र शर्टात उभा राहिला. नॉर्मन धिप्पाड असल्यामुळे बाह्या बोटांपर्यंत आल्या होत्या. समोर नॉर्मन त्याच मेणकापडी कोटात. पण आता पावसामुळे सगळेच कोटात होते, त्यामुळे बिचाऱ्याने हिंमत करून वरचं बटण सोडलं होतं. हात मिळवताना त्याची नजर बाहीवर खिळली. भर चर्चमध्ये बोलणार काय?

"उद्या धुऊन, वाळवून देतो," फिनले कुजबुजला. "दिवसभर कोरडं राहणार आहे. गुडघा सांगतोय."

नॉर्मनने वरचं बटण पुन्हा लावून घेतलं.