काकडीसाठी खाट

मी कधीच रागावत नाही. वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करणाऱ्या बाईला राग परवडतच नाही. रागाच्या भरात मथळे चुकतात. त्यामुळे पुढची हकिकत मी शांतपणे, क्रमाने आणि पुराव्यानिशी सांगणार आहे. पीटी सर हा माणूस काकडीचोर आहे!

हे वाक्य मी त्या शनिवारी सकाळी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. शांतपणे.

आता क्रमाने. आमच्या रविवारच्या पुरवणीत बागकामाचा स्तंभ असतो. तो लिहिणारे गृहस्थ गाव सोडून गेले आणि स्तंभ माझ्या गळ्यात पडला. मी बेधडक लिहू लागले. दुसऱ्यांच्या मजकुरातला फापटपसारा कापण्यात माझी हयात गेली. बागकाम म्हणजे तरी दुसरं काय! पण 'काकडीच्या वेलीला आधार कसा द्यावा' हा माझा लेख छापून आला आणि एका वाचकाने थेट संपादकांना फोन केला, "या बाईंनी काकडी ताटाबाहेर कधी पाहिली आहे का?"

संपादकांनी मला बोलावलं. "आता तुमच्याच वेलीचा फोटो छापू. शेजारी तुम्ही, हातात काकडी. नाहीतर स्तंभ दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकू."

"काकडी लागली की फोटो हजर!" मी म्हणाले. "मी आजवर एकही डेडलाइन चुकवलेली नाही!"

आमच्या घरामागे चटईएवढी बाग आहे. तिच्या कडेला तारेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे पीटी सर. शाळेत कवायत शिकवायचे. नोकरी संपली, पण शिट्टी गळ्यातच राहिली. कुंपणावर मांजर चढलं की सर शिट्टी फुंकतात आणि मांजर सावधान उभं राहतं!

कुंपणालगत वाफा करून मी काकडीची रोपं लावली. आधाराला सासूबाईंची जुनी लोखंडी जाळीची खाट बाहेर काढली, उभी केली आणि कुंपणाला तारेने बांधली. सर पलीकडून पाहत होते.

"आधार? आधाराने वेल आळशी होते!" ते गरजले. "माझ्या काकड्या बघा, स्वतःच्या पायावर उभ्या राहतील!"

"राहतील की," सासूबाई खिडकीतून म्हणाल्या. "आधी पाय तर फुटू देत."

दुसऱ्या आठवड्यात माझा लेख होता 'तण निर्दयपणे उपटा'. लिहिलं तसं केलं. संध्याकाळी ऑफिसला जाता जाता वाफ्यात वाकले आणि दिसेल ते उपटलं. वाफा कसा स्वच्छ!

"अगं, तू ते काय..." सासूबाई म्हणाल्या.

"आई, नुसता मथळा सांगा! तपशील नंतर!"

"काही नाही गं," त्या म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली.

पुढे वेल खाटेवर अशी चढली, अशी चढली, की जणू घरभाडं भरून राहायला आली आहे! तळाशी पानांचा नुसता गुंता. मी रोज सकाळी त्या गुंत्याखाली पाण्याच्या बादल्या ओतत होते. पिवळी फुलं आली, बोटाएवढ्या काकड्या आल्या.

"अगं, ही वेल..." सासूबाईंनी सुरुवात केली.

"आई, थोडक्यात!"

"मग राहू दे."

आणि काकड्या गायब होऊ लागल्या! मी उरलेल्यांच्या देठांना लाल दोरे बांधले. दुसऱ्या दिवशी पाहते तर प्रत्येक लाल दोऱ्याशेजारी एक निळा दोरा! काकडीला मालकीहक्काचे दोन दावेदार? माझ्या मस्तकात तिडीक गेली.

"एवढं काय त्यात?" नवरा म्हणाला. "फोटोपुरती बाजारातून आणू आणि वेलीला बांधू."

"खोटी बातमी छापू? माझ्या नावाने?"

नवऱ्याने गपचूप चहा ढवळायला घेतला. त्यात साखरही नव्हती.

शनिवारी सकाळी फोटोग्राफर यायचा होता. फोटोसाठी राखलेली काकडी खाटेच्या मधोमध लटकत होती: सरळ, हिरवीगार, देखणी. मी साडी नेसून बाहेर आले तर कुंपणातून एक हात आत आला, काकडी तुटली, मीठ भुरभुरलं गेलं आणि आवाज आला, कचकन!

तेव्हा मी ते वर सांगितलेलं वाक्य म्हणाले.

"चोर? कोण चोर?" सर तोंडातली काकडी न गिळताच ओरडले. "माझी काकडी, मी खाल्ली!"

"माझ्या खाटेवरची!"

"खाट तुमची! वेल माझी!"

"तुमची वेल स्वतःच्या पायावर उभी राहणार होती ना? राहिली का?"

सरांनी उत्तरादाखल शिट्टी फुंकली. मी बांधलेल्या तारा सोडल्या आणि खाट वेलीसकट माझ्या बाजूला ओढली. सरांनी पलीकडून वेल धरली. मी खाट ओढते, ते वेल ओढतात! "एक, दोन! एक, दोन!" ते स्वतःलाच हुकूम देत होते. शेवटी खाट कलली, कुंपणावर आदळली, कुंपण वाकलं आणि पलीकडच्या दोरीवर वाळणारे सरांचे सगळे बनियन मातीत लोळले. तेवढ्यात मागून आवाज आला, "मॅडम, असेच थांबा! छान फ्रेम आहे!"

फोटोग्राफर आला होता.

"काढ फोटो!" मी कडाडले. "पण आधी पुरावा! वेल कुठून उगवली ते सगळ्यांसमोर पाहू!"

मी पानं बाजूला सारत वेल धरून खाली गेले. वेल खाटेवरून उतरली, माझ्या वाफ्यापर्यंत आली, तिथे जराही न थांबता कुंपणाखालून गेली आणि थेट सरांच्या वाफ्यात मातीत शिरली. माझ्या वाफ्यात काहीही नव्हतं. नुसता चिखल! आठवडेच्या आठवडे मी मातीला आंघोळ घालत होते!

"मग माझी रोपं?"

"तूच उपटलीस की," सासूबाई खिडकीतून म्हणाल्या. "तण म्हणून. निर्दयपणे."

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत?"

"दोनदा सांगायला आले. दोनदा कापलंस."

सरांनी उरलेली काकडी माझ्यापुढे धरली. मी घेतली नाही. मीठ जास्त होतं.

रविवारी फोटो छापून आला. त्यात वेल आहे, काकडी आहे, सर आहेत आणि कोपऱ्यात माझ्या साडीचा पदर आहे. स्तंभ आता पीटी सर लिहितात. मजकूर दोन दिवस आधी देतात, आणि तो तपासायला माझ्याकडेच येतो. पहिल्याच लेखात लिहिलं होतं, 'वेलीला आधार हवाच. त्यासाठी शेजाऱ्यांची लोखंडी खाट उत्तम.' मी रागाने पेन उचललं, पण चूक एकही सापडेना. छापलं!

त्या सकाळी सासूबाई पेपर घेऊन आल्या. "अगं, या लेखात..."

या वेळी मी त्यांचं पूर्ण बोलणं ऐकून घेतलं.

पुढच्या रविवारी त्याच पानावर दुरुस्ती आली: 'सदर खाट शेजाऱ्यांची नसून शेजाऱ्यांच्या सासूबाईंची आहे.'