टिचकी पास झाली

बाळांनो, एका जंगलात कोल्ह्याचं पोल्ट्री फार्म होतं. हसू नका. कोल्ह्याला कोंबड्यांची आवड असते हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्याने आवडीचाच धंदा केला, इतकंच.

शेडमध्ये पांढऱ्या ब्रॉयलर कोंबड्या राहत. दर शुक्रवारी वजन होई. दोन किलो भरले की कोंबडी पास. तिला गाडीत बसवून डोंगरापलीकडे नेत. तिकडून कोणीच परत येत नसे. त्यावरून ती जागा फारच छान असणार, असं आम्ही सगळे समजत होतो.

तीन शुक्रवार नापास होणाऱ्या कोंबडीला मात्र कोल्हा शेडबाहेर हाकलून देई. "फुकट दाणा खाते मेली," म्हणे.

हो, "आम्ही" म्हणालो मी. मीही त्याच शेडमधला. तीनदा नापास झालेला, हाकललेला कोंबडा. माझ्या हाडांच्या काड्या चावायला कोण येणार? म्हणून जंगलात सुखाने जगलो. पण त्या नापासाची मला इतकी लाज वाटे, की मी शेडच्या जाळीबाहेर वजन वाढवण्याचा दवाखाना काढला.

माझं औषध साधं. हळद, लसूण, ओवा आणि शेवग्याचा वाळलेला पाला कुटायचा, पानात पुडी बांधायची. देताना डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचं. काय पुटपुटायचो ते मला कधीच कळलं नाही, पण त्यामुळे गर्दी वाढली.

एका शनिवारी टिचकी जाळीशी आली. शेडमधली सगळ्यात बारीक कोंबडी.

"वैद्यबुवा, दोनदा नापास झाले हो. सगळ्या हसतात मला. येत्या शुक्रवारी नाही भरलं, तर बाहेर काढतील."

"बाहेर फार वाईट असतं," मी म्हणालो. तेव्हा मी उन्हात पाय पसरून पिकलेली उंबरं खात होतो.

"मग द्या ना काहीतरी!"

"सकाळ-संध्याकाळ पाण्यातून घे. आणि श्रद्धा ठेव."

टिचकीने दोन्ही गोष्टी मनापासून केल्या. तिला भूक लागायला लागली. पुढच्या शुक्रवारी काटा दोन किलोवर गेला, वर थोडा हललासुद्धा. गाडीत चढताना ती ओरडली, "वैद्यबुवा, तुमचे उपकार विसरणार नाही!"

मी पंख हलवले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते अभिमानाचं होतं, हे आत्ताच सांगून टाकतो.

रविवारी दुपारी कोल्हा दात कोरत दवाखान्यात आला.

"वैद्यबुवा, काय हात आहे तुमचा! ती परवाची छोटी. लसूण-ओवा अगदी आतपर्यंत मुरलेला. वरून मसाला लावावा लागला नाही."

कोल्ह्याने मला तुऱ्यापासून नखांपर्यंत न्याहाळलं.

"तुम्ही स्वतः घेता का हो हे चूर्ण?"

"मी? छे! मला उष्ण पडतं."

तो गेल्यावर मी खूप रडलो. एक शुक्रवार आणखी नापास झाली असती, तर टिचकी माझ्या शेजारी बसून उंबरं खात असती. तिला मी मारलं होतं. दोन दिवस मी दवाखाना उघडला नाही.

तिसऱ्या दिवशी जाळीशी आणखी एक बारीक कोंबडी उभी होती.

"मला टिचकीताईसारखं पास व्हायचंय," ती म्हणाली.

मी खरं सांगायला चोच उघडली.

"अख्ख्या जंगलात तुमच्यासारखा वैद्य नाही म्हणतात," ती पुढे म्हणाली.

मी चोच मिटली आणि पुडी बांधायला घेतली.

तात्पर्य: झाडपाल्याच्या औषधाने कधीही अपाय होत नाही. माझ्याकडे आजवर एकाही कोंबडीची तक्रार आलेली नाही.