मिठाच्या व्यापाऱ्याचा समुद्र

माझ्या साडूनं मैना पाळली नसती, तर माझ्या घरात समुद्र आलाच नसता.

आता आमच्या कोकंद शहरात समुद्र म्हणजे काय, ते आधी लक्षात घ्या. इथून वाटेल त्या दिशेला गाडी सोडा. एक सरहद्द ओलांडा, दुसरी ओलांडा, पेट्रोल संपेल, शेजारी बसलेली बायको बोलायची थांबेल, पण समुद्र काही लागायचा नाही. आमच्या आळीत समुद्र पाहिलेला माणूस एकच, इसोमिद्दीन आजोबा. तेही तरुणपणी आरमारात होते आणि सगळा काळ बोटीच्या पोटात बटाटे सोलत होते.

तर मैना. आमच्या मित्रमंडळींचा गश्तक आहे. पाळीपाळीनं एकेकाच्या घरी जमायचं, पुलाव हाणायचा आणि गैरहजर माणसाविषयी मनापासून बोलायचं. माझा साडू तुरोब या गश्तकाचा म्होरक्या. त्यामुळे जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानाच्या वरच्या टोकाची, दारापासून सगळ्यांत लांबची, जाड गादीची जागा त्याची. माझी जागा दरवर्षी थोडी थोडी दाराकडे सरकत, आता पाहुण्यांच्या जोड्यांच्या शेजारी आली होती. (पुलावाची परात तिथवर येईपर्यंत मांस संपलेलं असतं, गाजर उरतं. माझी नजर अजून तेज आहे ती त्यामुळेच.)

त्या दिवशी तुरोबच्या घरी पाऊल टाकलं आणि पिंजऱ्यातनं आवाज आला, "या, या, वर बसा!" मंडळी खूश. मी आत गेलो, तर तीच मैना मान वाकडी करून गप्प.

"माणूस ओळखते हो ती," तुरोब म्हणाला.

बस. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "पक्षी काय, कुणीही पाळतं. वसंतात माझी पाळी आहे ना? तेव्हा माझ्या बैठकीत समुद्र बघायला या. जिवंत मासे, खारं पाणी, सगळं!"

तुरोबनं चहाची वाटी खाली ठेवली. "मुहसिनभाऊ, तुमच्या घरी एक जरी समुद्री मासा जिवंत पोहताना दिसला, तर ही माझी जागा वर्षभर तुमची. आणि नाही दिसला, तर तुम्ही जोड्यांच्याही पलीकडे, उंबऱ्याबाहेर बसून जेवायचं. कबूल?"

"कबूल!" मी म्हणालो. (माझ्या तोंडाला कुलूप लावायचा सल्ला बायको लग्नापासून देते आहे.)

घरी आल्यावर ती म्हणाली, "अहो, तुम्हाला मासा तळलेला ओळखता येत नाही, जिवंत काय ओळखणार?"

"नोदिराच्या आई, खाऱ्या पाण्याला मुख्य काय लागतं?"

"काय?"

"मीठ! आणि अख्ख्या फरगाना खोऱ्यात मीठ कोण विकतं?"

कारण मी मिठाचा व्यापारी. बापानं मला शाळेत घातलं नाही, मिठाच्या पोत्यावर बसवलं. मिठाचा खडा जिभेला लावून तो कुठल्या डोंगरातला ते मी सांगतो. सगळं जग ज्या गोष्टीसाठी पैसे मोजतं, ती माझ्या गोदामात छपरापर्यंत रचलेली. मी काचवाल्याकडून मोठी टाकी करून घेतली, बैठकीत दाराच्या समोरच्या भिंतीला लावली, ताश्कंदहून पंप, दिवा आणि भोकाभोकाचे समुद्री दगड आणले आणि माझं उत्तमातलं उत्तम मीठ ओतून समुद्र बनवला. चाखून पाहिला. झकास!

त्या समुद्राचं पाणी बाटलीत भरून मी ताश्कंदच्या त्सोयभाऊंकडे गेलो. हे कोरियन गृहस्थ माशांचं दुकान चालवतात. त्यांनी पाण्यात थेंब टाकले, रंग बघितला, आणि डॉक्टर रोग्याच्या मुलाकडे बघतो तसं माझ्याकडे बघितलं.

"मीठ कुठलं?"

"माझं! एक नंबर!"

"एक नंबर आहे. ह्या पाण्यात माशाचं लोणचं वर्षभर टिकेल. मासा मात्र संध्याकाळपर्यंतच टिकेल."

मग त्यांनी समजावलं की समुद्रात नुसतं मीठ नसतं, चुनखडी असते, आणखी पन्नास खनिजं असतात, आणि त्यासाठी हे परदेशी मीठ घ्यावं लागतं. असं म्हणून त्यांनी एक मोठी बादली माझ्यापुढे ठेवली.

वाचकहो, डोळ्यांसमोर आणा. तीन पिढ्यांचा मिठाचा व्यापारी, दुकानात उभा राहून, मीठ विकत घेतोय! आणि तेही माझ्या मिठाच्या तीसपट भावानं. बाजारात कळलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून माझ्या दुकानासमोर लोकांनी हसण्यासाठी रांग लावली असती. मी ते मीठ पिठाच्या पोत्यात रिकामं केलं, पोत्याचं तोंड शिवलं आणि अंधार पडायच्या बेतानं आळीत शिरलो. माझ्याच घरात, मीच, मिठाची चोरटी आयात करत होतो.

आणि दारात कोण? तुरोब.

"काय आणलंत एवढं लपवून?"

"चुना," मी म्हणालो. पांढरं दुसरं काही सुचेना.

"अरे वा, बरं झालं!" तो म्हणाला. "माझ्या जर्दाळूंचे बुंधे रंगवायचे राहिलेत. द्या की थोडा." आणि मी काही बोलायच्या आत शिवण उसवून त्यानं घमेलंभर उचललासुद्धा. साडूला चुना नाकारणं म्हणजे लग्न मोडण्यासारखं. माझं परदेशी मीठ जर्दाळूंकडे चाललं आणि मी हात हलवून निरोप दिला.

उरलेल्या मिठाचा नवा समुद्र केला. पण त्सोयभाऊंची सक्त ताकीद होती: लगेच मासे सोडायचे नाहीत, काही आठवडे पाणी मुरू द्यायचं. दगडांवरचे सूक्ष्म जीव पसरले, घाण खायला शिकले, की मग मासे. मुरण्याची गोष्ट मला समजते, त्यामुळे मी थांबलो. आळी मात्र थांबायला तयार नव्हती. बायका घोळक्यानं येत, नान आणि मिठाई घेऊन, नव्या वस्तूला मुबारक म्हणायला. टाकीसमोर बसत. टाकीत दगड.

"छान आहेत हो दगड," एकजण म्हणाली.

"अंगानं भरलेत," दुसरी म्हणाली.

रोज इतकी मिठाई जमू लागली की आपण मासे आणूच नयेत असं मला वाटायला लागलं.

अशात एका सकाळी तुरोब दारात उभा राहिला. चेहरा लाल.

"भाऊ, तो चुना कसला होता?"

"का हो?"

"बुंध्याला धरेना. कालवला, फासला, वाळल्यावर खडे. आणि पहाटेपासून आळीतल्या सगळ्या मेंढ्या माझ्या अंगणात! बुंधे चाटतायत! हाकललं तर लाथा मारतायत! मीही चाटून बघितलं." इथं त्यानं आवाज खाली आणला. "भाऊ, ते मीठ आहे. तुमचं नाही. तुमचं मला माहीत आहे. तुम्ही मीठ विकत आणलंत?"

माझ्या चेहऱ्यानं उत्तर दिलं असावं. तुरोब अंगणातल्या चौरंगावर बसून इतका हसला की नोदिराच्या आईला पाणी आणावं लागलं.

"आता ऐका," डोळे पुसत तो म्हणाला. "तुमच्या पाळीला मासे जिवंत असले, तर ही गोष्ट माझ्यासोबत कबरीत जाईल. नसले, तर पुलावाआधी मी ती पहिल्यापासून सांगेन. मेंढ्यांच्या आवाजासकट."

म्हणजे आता प्रश्न नुसत्या गादीचा नव्हता. बाजारात 'मीठ विकत घेणारा मिठवाला' म्हणून मी नातवंडांपर्यंत ओळखला गेलो असतो. मासा मरून चालणार नव्हतं. आणि महागही चालणार नव्हता, कारण बायकोनं तिजोरीची किल्ली ओढणीच्या गाठीत बांधली होती.

त्सोयभाऊंच्या दुकानात गेलो. त्यांनी मला थेट एका छोट्या माशापुढे नेलं. काय सांगू! निळ्या मखमलीवर नारिंगी वेलबुट्टी, जणू बुखाऱ्याचा भरतकाम केलेला झगा घालून निघालेला अमीर.

"हा घ्या," ते म्हणाले. "लोक बघत राहतील."

आता, मला मासे कळत नाहीत. पण गुरांचा बाजार मी लहानपणापासून पाहतोय. मी म्हणालो, "त्याला खायला घाला."

"आत्ता?"

"आत्ता. माझ्यासमोर न खाणारं जनावर मी बाजारातनं उचलत नाही."

त्यांनी दाणे टाकले. अमीरसाहेबांनी ढुंकूनही पाहिलं नाही. "हा दगडावरचे बारीक जिवंत किडे टिपतो," त्सोयभाऊ पुटपुटले. "जुन्या टाकीत."

"माझी नवी आहे. पुढचा!"

पुढचा होता निळाशार, स्वस्तातला. "हा मरतच नाही," त्सोयभाऊ म्हणाले, आणि खरोखर दाणे पडताच तो तुटून पडला. पण मी पाहत राहिलो. टाकीतले बाकीचे मासे एका कोपऱ्यात गोळा झाले होते, शेपट्यांच्या झिरमिळ्या झालेल्या, आणि हा मधोमध मिरवत होता. कुणी वर सरकलं की धावून जायचा. मला तो ओळखीचा वाटला. आमच्या गश्तकात असतो.

"हा नको. हा पहिला घरात शिरला तर मलासुद्धा बसू देणार नाही."

त्सोयभाऊ आता माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघू लागले. मग मला दिसली ती जोडी: नारिंगी अंगावर पांढरे पट्टे, पोहताना डुलणारी, लग्नातल्या विदूषकासारखी. दाणा पाण्याला लागायच्या आत गट्ट! मी काचेवर टकटक केलं, तर पळण्याऐवजी मलाच खायला पुढे आली.

"समुद्रातनं पकडलेत?"

"नाही, टाकीतच जन्मलेत."

"अंगणात वाढलेलं कोकरू!" मी म्हणालो. "माणसाला भीत नाही, कोरडा चारा खातं. हेच द्या. आणि तो वाळू उकरणारा?"

"तो गोबी. दिवसभर वाळू तोंडात घेतो, चाळतो, टाकतो."

"बायकोला आवडेल. घरात कुणीतरी झाडझूड करणारं हवंच आहे तिला. पण तो पुढच्या खेपेला. नव्या पाण्यावर एकदम भार नको."

"भाऊ," त्सोयभाऊ म्हणाले, "याआधी मासे पाळले होते का?"

"नाही. मेंढ्या."

भाव मात्र मी आमच्या पद्धतीनं केला. त्यांचा उजवा हात माझ्या पंज्यात धरला आणि गुरांच्या बाजारात करतात तसा खांद्यापासून वर-खाली हलवायला लागलो. भाव ठरेपर्यंत हात सोडायचा नसतो. त्यांच्या हातात माशाची ओली जाळी होती हे माझ्या लक्षात आलं नाही. दुकानातले लोक छत्री शोधू लागले. जाळीतनं उडालेलं पाणी एका बाईच्या नव्या कोटावर गेलं तेव्हा त्सोयभाऊ ओरडले, "कबूल, कबूल! सोडा!"

पाण्याच्या पिशवीतली ती जोडी मी झग्याच्या आत, पोटाशी धरून, बर्फाळ घाट ओलांडून आणली. गोबी नंतर आला. नोदिराची आई तासन्‌तास त्याच्यासमोर बसून मला त्याच्या झाडझुडीची उदाहरणं द्यायची.

आणि आली पाळीची संध्याकाळ. अंगणात कढई चढली, दस्तरखान पसरलं, पाहुणे आले. तुरोब वरच्या जागेवर ऐसपैस बसला. सगळ्यांनी टाकीकडे पाहिलं.

टाकीत दगड.

एकही मासा नाही! इतका गलका, इतक्या टोप्या, इतक्या दाढ्या बघून तिघेही दगडामागे दडले होते. मी काचेला नाक लावलं. पलीकडनं कुणीच नाक लावलं नाही.

"समुद्र ओसाड आहे, मंडळी," तुरोब घसा खाकरून म्हणाला. "पण हरकत नाही. पुलाव येईपर्यंत एक गोष्ट सांगतो. मेंढ्यांची." आणि त्यानं एकदा हळूच, सरावासाठी, "बेंऽऽ" केलं.

इतक्यात परात आली. रीतीप्रमाणे इसोमिद्दीन आजोबांनी पहिला घास घ्यायचा. त्यांनी हात पुढे नेला आणि थांबवला.

"मुहसिन, ह्या टाकीतल्या मंडळींनी जेवण केलं का?"

"नाही, आजोबा."

"मग आधी त्यांना वाढ. घरात कुणी उपाशी असताना मी घास उचलत नाही."

मी चिमूटभर दाणे टाकले. आणि पाणी फुटलं! दगडामागनं ती जोडी डुलत, धक्के देत, टोप्या-दाढ्यांची पर्वा न करता धावत आली. पाठोपाठ गोबी, गाल फुगवून. लखलखणारे पट्टे, उडणारी वाळू! सगळा गश्तक गुडघ्यांवर उभा राहिला. "वा! वा! मुहसिन, वा!" आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बोटीला खिडकी असती," ते म्हणाले, "तर हे मी पन्नास वर्षांपूर्वीच पाहिलं असतं."

तुरोबनं मासे बोटानं मोजले. मग उठला. शब्दाचा पक्का माणूस. त्यानं माझा हात धरून मला वर नेलं, जाड गादीवर बसवलं, आणि स्वतः जोड्यांपाशी जाऊन मांडी घातली. मेंढ्यांविषयी एक अक्षर नाही.

मी बसलो. काय ती गादी! मांसाचा पहिला तुकडा माझ्यापुढे. समोर सगळा गश्तक, आणि सगळ्यांच्या नजरा माझ्यावर, तोंडं उघडी, चेहऱ्यांवर असा आदर की मी मान किंचित लववून त्याचा स्वीकारही केला. दोनदा.

मग आठवलं की वरची जागा म्हणजे दारासमोरची भिंत, आणि दारासमोरच्या भिंतीला माझ्या पाठीमागे टाकी. वरच्या जागेवर बसलेल्यानं पाहुण्यांकडे पाठ करायची नसते. म्हणजे गश्तक जमेल तेव्हा माझ्या घरातला समुद्र सगळे बघणार, मी सोडून. मी मिशांवर हात फिरवून हे दुःख गिळतच होतो, तोच सगळ्यांत चांगल्या जागेवरनं, दाराजवळनं, तुरोबचा आवाज आला:

"मुहसिनभाऊ, जरा डोकं खाली घ्या की. मासे झाकतंय."